हो, मी अजून कार्टून बघतो!

"अजून कार्टून बघतोस? वय काय तुझं?" आत्या विचारते, ऑफिसातले विचारतात. आज एकदाच उत्तर देऊन टाकतो.

मंडळी, दूरदर्शनवरचा रविवारचा मोगली तुम्हीही बघितलाय ना? ती १९८९ची जपानी मालिका, म्हणजे अ‍ॅनिमेच! माझं तिथूनच सुरू झालं. कॉलेजात नारुतो. मग इसाओ ताकाहाताचा 'ओन्ली यस्टर्डे' (१९९१): टोकियोतली २७ वर्षांची नोकरदार मुलगी यामागाताला करडईची फुलं तोडायला जाते आणि तिला शाळेचे दिवस आठवत राहतात, बस्स. विशीत कंटाळून अर्ध्यात बंद केला होता. परवा बघताना रडलो. आवड सुटली नाही, माझ्याबरोबर मोठी झाली.

आता आमच्या लोकांचंही ऐका. अ‍ॅनिमे बघून जपानी येतं, हा गोड गैरसमज आहे. क्लासात पहिल्याच दिवशी मी ऐटीत स्वतःला 'ओरे' म्हणालो, सेन्सेई हसल्या. 'ओरे', 'ओमाए' ही दोस्तांतली नाहीतर भांडणातली भाषा! मुकाट्याने 'वाताशी'पासून सुरुवात केली.

पण नुसत्या सर्टिफिकेटवाल्यांनी हसू नये. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते. एन-थ्री पास होऊनही क्लायंटच्या कॉलवर माझी दातखीळ बसली होती. समोरचा काय म्हणतोय ते निदान कळलं, ते अ‍ॅनिमेने तयार केलेल्या कानांमुळे.

असो. तर आत्या, वय ३८. उद्या रविवार आहे, आणि मी कार्टून बघणार आहे.