रक्तांतील विषाणूची मोजणी

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मातोश्रींस मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावयाची होती. तत्पूर्वींच्या रक्ततपासणींत 'हिपॅटायटिस सी' या रोगाची खूण निघाली, आणि जुन्या नाशकांतील त्या भरल्या घरांत एकच गोंधळ उडाला. मागाहून मोजणीची तपासणी झाली, तिच्या कागदावर २४,००,००० असा आंकडा आला. धाकट्या चिरंजीवांनीं कोणा परिचिताच्या कागदावरील ६०,००० शीं तो ताडून पाहिला व आईचा रोग ४० पट आहे असें अनुमान काढलें. त्याच सायंकाळीं मातोश्रींचें ताट-वाटी निराळें झालें. ज्या हातांनीं आयुष्यभर देवाचा नैवेद्य रांधला, त्यांस स्वयंपाकघर बंद झालें. आम्ही समाचारास गेलों, तेव्हां बाई ओटीवर एकट्या बसल्या होत्या.

घरची मंडळी शिकलेलीं आहेत व मातृभक्तहि आहेत. अनर्थ झाला तो अर्धवट वाचलेल्या कागदामुळें. तेव्हां हा कागद कसा वाचावा, एवढाच विषय आम्हीं या महिन्यांत घेतला आहे.

प्रथम नांवाचा घोटाळा. 'कावीळ' या एका शब्दाखालीं आपण निरनिराळे रोग एकत्र करतों. पिवळेपणा हें लक्षण आहे, कारण नव्हे. 'ए' आणि 'ई' या जातींचे विषाणू दूषित पाण्यावाटे व अन्नावाटे पोटांत जातात. तेथें हात धुणें, पाणी उकळणें यांस अर्थ आहे. 'सी' विषाणूचा मार्ग रक्ताचा. तो एका ताटांत जेवल्यानें, स्पर्शानें किंवा रांधलेल्या अन्नानें पसरत नाहीं. वस्तरा, दांतांचा ब्रश, नखें काढण्याचें हत्यार एवढें मात्र ज्याचें त्यानें वापरावें. या बाईंस सुमारें ४० वर्षांपूर्वीं बाळंतपणांत रक्त चढविलें होतें. हा विषाणू ओळखला गेला १९८९ सालीं. त्यापूर्वीं रक्तपेढींत त्याची परीक्षा होणार कशी? पुढें तो यकृतांत दशकेंच्या दशकें मुकाट्यानें राहतो, आणि डोळे पिवळे होतीलच असें नाहीं.

आतां आंकडा. एक मिलिलिटर रक्तांत विषाणूचें द्रव्य किती, तें आंतरराष्ट्रीय एककांत मोजतात. मोजण्याची युक्ति मोठी गमतीची आहे. विषाणूच्या बीजद्रव्याची नक्कल करून ती दुप्पट, मग चौपट, अशी वाढवीत नेतात. बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांप्रमाणें ३० फेऱ्यांत एकाचे १०० कोटींहून अधिक होतात. कितव्या फेरीस खूण उजळली, यावरून मूळचा सांठा किती होता तें कळतें. गोव्यांत तयार होणाऱ्या 'ट्रूनॅट' नांवाच्या लहानशा यंत्रावरहि आतां ही परीक्षा होते.

कागदावर याच आंकड्याशेजारीं 'लॉग' म्हणून दुसरा एक आंकडा असतो. तो पाहून पुष्कळ लोक दचकतात. आमच्या वेळीं पाटीवर एकं, दहं, शतं, सहस्र घोकीत, त्यांतलाच हा प्रकार आहे. संख्या एक स्थान खालीं उतरली कीं एक लॉग कमी झाला. २४ लक्षांचे २,४०० झाले, तर तीन लॉग उतरले. मातोश्रींचा आंकडा ६·३८, त्या परिचिताचा ४·७८. म्हणजे ज्यास ४० पट म्हणून घर हादरलें, तें अंतर दीड पायरीचें. अर्ध्या लॉगचा फरक तर एकाच माणसांत आज-उद्यांच्या मोजणींतहि पडूं शकतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, आंकडा मोठा म्हणून यकृत अधिक बिघडलें असा नियम नाहीं. यकृताची स्थिति प्लेटलेट, एन्झाइम यांच्या तपासण्या व फायब्रोस्कॅन यांवरून ठरते. आरंभींची मोजणी सांगते ती इतकेंच कीं, विषाणू आज रक्तांत जिवंत वावरत आहे व औषध हवें.

पूर्वीं इंटरफेरॉनचीं इंजेक्शनें २४ किंवा ४८ आठवडे चालत. त्या काळीं मधल्या मोजणीस फार मान होता. १२ आठवड्यांत दोन लॉगहि उतरले नाहींत, तर उपचार थांबवीत. सन २०१३ नंतर सोफोसबुव्हिर व त्याच्या जोडीच्या गोळ्या आल्या आणि तो हिशेबच बदलला. बहुतेकांस १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात, आणि शंभरांत नव्वदांहून अधिक रुग्ण बरे होतात. या गोळ्यांनीं आंकडा पहिल्या दोन-चार आठवड्यांतच कोसळतो, म्हणून त्यावरून पुढचें भाकीत करतां येत नाहीं. कोणाच्या रक्तांत चौथ्या आठवड्यास थोडा अंश दिसतो व तरीहि तो पुढें पूर्ण बरा होतो. सबब मधल्या मोजणीची सर्वांस गरज नाहीं. गोळ्या चुकल्याचा संशय असेल किंवा यकृत फार निबर झालें असेल, तर वैद्य सांगतील तसें करावें. केवळ उत्सुकतेपायीं खाजगी प्रयोगशाळेंत कांहीं हजार रुपये ओतणें आम्हांस पटत नाहीं.

येथें तेंच झालें. पांचव्या आठवड्यास धाकट्यानें परस्पर तपासणी करवून आणली. कागदावर 'आढळला नाहीं'. घरांत पेढे वाटले गेले. दुसरे दिवशीं मातोश्री आम्हांस म्हणाल्या, "गुरुजी, आतां हिशेब मिटला ना ? मग गोळ्या कशाला ?" आम्हीं त्यांस चुलीची आठवण दिली. वर राख पांढरी दिसली म्हणून आंत निखारा नाहीं, असें कोणती गृहिणी म्हणेल ? यंत्रासहि मर्यादा असते. मिलिलिटरमध्यें पंधराएक एककांखालीं त्याची दृष्टि नीटशी पोंचत नाहीं, आणि यकृतांतील अवशेष रक्तांत दिसेलच असें नाहीं. बाईंनीं डबी पुन्हां देवघराच्या फळीवर ठेवली.

निर्णायक मोजणी शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनीं. औषधाचा धाक नसतां तीन महिन्यांत ज्याची वाढ झाली नाहीं, तो विषाणू गेला असें मानतात. पुष्कळजण गोळ्या संपल्या त्याच आठवड्यांत रक्त देऊन मोकळे होतात व ही खरी परीक्षा चुकवितात. बाईंची शेवटची गोळी आषाढी एकादशीस झाली. तेथून ८४ दिवस म्हणजे, मध्यें अधिक मास नसेल तर, दसऱ्याच्या सुमारास. तारीख आम्हींच त्यांच्या दिनदर्शिकेवर लिहून दिली.

खर्चाविषयीं एवढें सांगणें अवश्य आहे कीं, २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू असून त्यांत तपासण्या व गोळ्या मोफत मिळतात. चौकशी जिल्हा रुग्णालयांत करावी. इतर औषधें चालू असतील, विशेषतः हृदयाचीं किंवा क्षयाचीं, तर तीं आधीं दाखवावींत; 'बी' विषाणूचीहि परीक्षा आधीं करून घ्यावी. ज्यांस सिऱ्होसिस झाला आहे, त्यांनीं विषाणू गेल्यावरहि दर सहा महिन्यांनीं यकृताची सोनोग्राफी चुकवूं नये. आणि एकदां बरा झालेला मनुष्य नव्या दूषित रक्तानें पुन्हां बाधूं शकतो, कारण या रोगाची लस अद्याप नाहीं.

ताटाचा प्रश्न मात्र दसऱ्यापर्यंत थांबला नाहीं. थोरल्या सूनबाईंनीं डॉक्टरांस सरळच विचारलें, आणि उत्तर ऐकून त्याच दिवशीं सासूबाईंचें पान पंगतींत मांडलें. सोवळें पाळणाऱ्यांनीं खुशाल पाळावें. त्यास रक्ताच्या रोगाचा आधार देऊं नये, असें आमचें मत आम्हीं घरधन्यास स्पष्ट सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं.

दसऱ्यानंतरचा कागद 'आढळला नाहीं' असाच आला. घरच्यांनीं लांबणीवर टाकलेली डोळ्याची शस्त्रक्रिया मग ठरली; पुन्हां रक्त तपासलें, आणि पुन्हां 'सी'ची खूण ! पहिल्या परीक्षेंत विषाणू सांपडत नसून त्याच्याशीं झगडलेलीं रक्तांतील प्रतिद्रव्यें सांपडतात, आणि तीं बरें झाल्यावरहि बहुधा जन्मभर राहतात. धाकट्याचा चेहरा उतरला. थोरल्यानें मात्र आम्हीं जपून ठेवावयास सांगितलेला मोजणीचा कागद पिशवींतून काढून डॉक्टरांपुढें ठेवला. त्यांनीं तो वाचला, मान हालविली, व बाईंस आंत घेतलें.