रोजचे वचन आणि रोजची भाषा

बल्हारशाह जंक्शन हे उत्तरेतून दक्षिणेत जाणाऱ्या असंख्य प्रवाशांना केवळ फलाटापुरतेच माहीत असते. परंतु गाडी थांबली असता जो क्षणभर कान देऊन ऐकेल, त्याच्या ध्यानात येईल की येथे एक भाषा संपून दुसरी सुरू होत नाही. येथे चार भाषा एकाच बाकावर बसलेल्या असतात. कागद कारखान्याच्या आणि कोळसा खाणींच्या ओढीने आलेली तेलुगू व हिंदी कुटुंबे, मूळची मराठी वस्ती, आणि ज्यांच्या राजांनी वर्धेच्या काठी किल्ला उभारला त्या गोंड समाजाची गोंडी, असा या गावाचा भाषिक संसार आहे. त्यात पाचवी भाषा आणून सोडली ती एका धर्मसंस्थेने. केरळातील सिरो-मलबार या पुरातन ख्रिस्ती संप्रदायाच्या चांदा धर्मप्रांताचे मुख्य मंदिर, संत थॉमस कॅथीड्रल, हे याच बल्लारपुरात आहे.

१९६२ साली हे क्षेत्र त्या संप्रदायाकडे सोपविण्यात आले आणि १९७७ साली त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. जिल्ह्याचे नाव १९६४ मध्ये चांद्याचे चंद्रपूर झाले, १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा निघाला, १९९९ मध्ये आदिलाबादचा प्रदेश स्वतंत्र धर्मप्रांत म्हणून तोडण्यात आला. परंतु धर्मप्रांताच्या नावात जुने ‘चांदा’ अद्याप टिकून आहे. नावे अशी चिवट असतात. भाषेचे मात्र तसे नाही. ती रोज वापरली तरच टिकते. आणि आज आम्हांला जो प्रश्न वाचकांपुढे ठेवावयाचा आहे, तो या ‘रोज’ शब्दाशीच निगडित आहे.

ख्रिस्ती घरांत शास्त्रातील एक उतारा दररोज वाचावा, त्यावर क्षणभर चिंतन करावे आणि मग दिवसाच्या कामास लागावे, ही प्रथा जुनी आहे. जर्मनीतील हेर्नहुट या खेड्यातील मोरेव्हियन बंधूंनी वर्षातील प्रत्येक दिवसासाठी एक वचन चिठ्ठी टाकून निवडण्याची पद्धत पाडली आणि १७३१ साली तशी पहिली पुस्तिका छापली. ती परंपरा आजतागायत अखंड चालू आहे. कॅथलिक चर्चमध्ये प्रत्येक दिवसाच्या उपासनेसाठी वाचने ठरलेली असतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये घरगुती उपासनेचा परिपाठ आहे. आपल्या समाजालाही ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. ज्या जिल्ह्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना सायंकाळी गावोगाव होत आली, ज्या चांद्यात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर घरोघरी बुद्धवंदना सुरू झाली, तेथील माणसाला रोजच्या वचनाचे सामर्थ्य समजावून सांगावे लागत नाही. थोडे, परंतु नित्य. हे सूत्र सर्व धर्मांचे आहे.

प्रश्न आहे तो हे थोडे कोणत्या भाषेत वाचावयाचे, हा.

याचे उत्तर मराठी ख्रिस्ती परंपरेने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि त्याने ख्रिस्तकथा सांगण्यासाठी मराठी ओवी उचलली. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघाले. पंडिता रमाबाईंनी आपल्या आयुष्याची अखेरची अनेक वर्षे हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात वेचली. संस्कृत विद्वत्तेसाठी ज्यांचा गौरव झाला, त्या रमाबाईंनी या भाषांतरात विद्वत्तेचे प्रदर्शन कटाक्षाने टाळले. केडगावच्या मुक्तिसदनातील अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशी भाषा त्यांना हवी होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या आणि १९२४ साली ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. अगदी आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, त्यास साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला, आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

या मालिकेत विदर्भाचाही एक धागा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक नागपुरात असताना, १८९३ साली, राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली. टिळक ती वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थबकले. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्यांच्या पुढील आयुष्यातील खरी लक्षणीय गोष्ट ही की, परधर्म स्वीकारूनही त्यांनी परभाषा स्वीकारली नाही. त्यांनी भजने रचली, अभंग लिहिले, कीर्तनाचा बाज चर्चमध्ये आणला. ‘उपासना संगीता’तील त्यांची पदे आजही मराठी मंडळ्यांत गाइली जातात. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’वाचून मराठी गद्याचा इतिहास अपुरा राहील, हे तर ख्रिस्तेतर वाचकही मान्य करतात.

इतका समृद्ध वारसा असता चिंतेचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की, वारसा कपाटात राहतो आणि सवय घरातून जाते. आज इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारे मूल आजीने उघडलेले मराठी पवित्र शास्त्र वाचू शकत नाही. अक्षरे लावते, पण वाक्य त्याच्या मनात उतरत नाही. मग वडील इंग्रजी प्रत आणतात. ती मुलाला वाचता येते, परंतु आजीला समजत नाही. एका घरात दोन ग्रंथ येतात आणि एकत्र वाचन संपते. हे केवळ ख्रिस्ती घरात घडते असे नव्हे. हरिपाठाची पोथी आणि नातवंडे यांच्यामध्येही हीच भिंत उभी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हांसही झाला. पण ज्या भाषेत घरातील तीन पिढ्या मिळून एक परिच्छेद वाचू शकत नाहीत, तिला दर्जा मिळूनही तिचे घर मात्र सुटत चालले आहे, हे विसरून चालणार नाही.

घराच्या भाषेत वाचण्याचे महत्त्व केवळ भावनिक नाही. त्याने अर्थ बदलतो. हरवलेल्या मेंढराची कथा घ्या. शंभर मेंढरांपैकी एक हरवले असता नव्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या शोधात जाणारा मेंढपाळ, ही कथा शहरातील गुबगुबीत खुर्चीवर गोड वाटते. चंद्रपूर जिल्ह्यातील शेळ्या राखणाऱ्याला ती ऐकवून पाहा. ज्या रानात वाघाने गुराख्याला नेल्याच्या वार्ता वारंवार येतात, त्या रानात एका शेळीसाठी मागे वळणे म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. त्याला त्या कथेत कोमलता आधी दिसत नाही. आधी जोखीम दिसते. आणि लूकच्या शुभवर्तमानातील त्या कथेचा गाभा जोखीम हाच नव्हे काय?

किंवा द्राक्षमळ्यातील मजुरांची कथा घ्या. सकाळपासून राबलेल्यास आणि दिवस मावळताना शेवटच्या तासाला आलेल्यास मालक सारखीच मजुरी देतो. धर्मपंडित यातून ईश्वरी कृपेचा सिद्धांत काढतात, तो खराच आहे. पण बल्लारपुरात ही कथा वाचताना कारखान्याच्या फाटकापाशी कंत्राटदाराची वाट पाहणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहिल्यावाचून राहत नाही. तो आळशी म्हणून नव्हे, तर कोणी कामावर घेतले नाही म्हणून दिवसभर उभा आहे, असे मत्तयच्या त्या विसाव्या अध्यायातच स्पष्ट आहे. संध्याकाळी त्याच्याही घरी तितकीच तोंडे जेवणारी आहेत. ज्या भाषेत तो मजूर आपले दुःख सांगतो, त्याच भाषेत ही कथा वाचली गेली, तरच चिंतनाला कृतीचे पाय फुटतात. अन्यथा रोजचे वचन हे वर्तमानपत्रातील रोजच्या भविष्यासारखे होऊन बसते: संदर्भापासून तोडलेले एक वाक्य, दिवसभराचा दिलासा, आणि रात्री विस्मरण.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. काही सुबुद्ध वाचक म्हणतील, वनप्रदेशात ख्रिस्ती शास्त्राचा लोकभाषेत प्रसार व्हावा असे म्हणणे म्हणजे धर्मांतराला वाट करून देणे नव्हे काय? हा आक्षेप टिंगलीवारी नेण्याजोगा नाही. परकीय सत्तेच्या काळात सेवा आणि अपेक्षा यांची सरमिसळ झाली नाही, असे प्रामाणिक ख्रिस्ती इतिहासकारही म्हणणार नाहीत; किंबहुना टिळकांचा आपल्या काळातील मिशनरी पद्धतीशी जो वाद होता तो याच परावलंबी वृत्तीशी होता. परंतु उपाय कोणता? जे वचन शेजाऱ्याला न समजणाऱ्या भाषेत वाचले जाते, त्याच्याभोवती संशय दाटतो. जे त्याला समजणाऱ्या भाषेत, दार उघडे ठेवून वाचले जाते, त्याची पारख शेजारी स्वतः करू शकतो. विनोबांनी पवनारला राहून नव्या कराराचे सार काढले, त्याने त्यांचे हिंदुत्व उणे झाले नाही आणि ख्रिस्ताचे वचनही उणे झाले नाही. समजून वाचणे आणि धर्म सोडणे या दोन गोष्टी एक नव्हेत. ज्याला न वाचताच भीती वाटते, त्याची भीती वाचल्यावाचून जाणारही नाही.

आता धर्मसंस्थेकडे वळू. चर्चची स्वतःची एक स्मृती येथे उपयोगी पडावी. सिरो-मलबार संप्रदायाची उपासना शतकानुशतके सिरियाक भाषेत चालत असे. केरळातील सामान्य भाविकाला ती पवित्र वाटे, पण कळत नसे. ३ जुलै १९६२ रोजी, संत थॉमसच्या सणाच्या दिवशी, ती मलयाळममध्ये सुरू झाली. पुढील वर्षी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने साऱ्या कॅथलिक जगासाठी लोकभाषेतील उपासनेचे दार उघडले. ज्या वर्षी केरळच्या आईला आपल्या प्रार्थनेचा अर्थ प्रथमच कानांनी कळला, त्याच वर्षी त्या संप्रदायाकडे चांद्याचे क्षेत्र आले. हा योगायोग असेल. पण त्यातून जबाबदारी निर्माण होते. आपल्या भाषेसाठी इतका काळ थांबलेल्यांनी इतरांच्या भाषेसाठी थांबू नये. मल्याळी धर्मगुरूने मराठी शिकणे ही सोय नव्हे, ते त्याच्या धर्मसेवेचेच अंग होय. एका इंग्रजाने चार शतकांपूर्वी ते करून दाखविले आहे.

आणि हाच न्याय आम्हां मराठी माणसांनाही लागू आहे. आपण इंग्रजीच्या आक्रमणाची तक्रार करतो. मग मराठी हीच ज्यांच्या दृष्टीने वरची भाषा आहे, त्या गोंडी व माडियाचे काय? २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख लोक देशभर होते, तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची लिंगो-गाथा टिपून ठेवली. १८६३ साली ते बुडून मरण पावल्यावर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली त्यांचे कागद छापले. आलेला मनुष्य सांगण्यासाठी आला होता, पण तो ऐकूनही गेला, आणि जे त्याने ऐकले तेच अधिक टिकले. आज भामरागड-एटापल्लीच्या पट्ट्यात काम करणाऱ्या शिक्षकाने, कारकुनाने आणि धर्मगुरूनेही हा धडा घ्यावा. मराठी घराला मराठी वचन हवे असेल, तर माडिया घराला माडियाच हवे. पन्नासाव्या दिवसाच्या सणाची जी कथा प्रेषितांच्या कृत्यांत आहे, तिचा चमत्कारही हाच आहे की सर्वांनी एक भाषा शिकली नाही. प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले.

यासाठी मोठी योजना लागत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन केली. जी माणसे उपासनेतील जुने मतभेद बाजूला ठेवू शकली, त्यांना कॅथलिक बंधूंच्या सोबत एक छोटी रोजनिशी काढणे अशक्य नाही. प्रत्येक दिवसाला शास्त्रातील एक उतारा सोप्या मराठीत, त्याखाली या मातीतील अनुभवाचे चार वाक्यांचे चिंतन, आणि आठवड्यातून एक दिवस तेच गोंडीत. ते लिहिणारे केवळ धर्मगुरू नसावेत. खाणीतील कामगार, परिचारिका, शाळाशिक्षिका यांनीही लिहावे. शिक्षकांनी ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘ख्रिस्तपुराण’ केवळ परीक्षेपुरते न शिकविता आपल्या भाषेचे धन म्हणून शिकवावे. विद्यार्थ्याने आजीपाशी बसून रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचावा. ग्रंथ कोणताही असो.

बल्लारपूर हे कागदाचे गाव आहे. या रानातील बांबूचा लगदा होऊन त्याचे ताव येथून देशभर गेले. कोऱ्या तावावर काय लिहावयाचे हे मात्र कारखाना ठरवीत नाही; ते ज्या त्या घराने ठरवावयाचे असते. उद्या सकाळी चूल पेटण्यापूर्वी एका घरात चार ओळी वाचल्या जातील, आणि त्या घरातील सर्वात वृद्ध व सर्वात लहान अशा दोघांनाही कळतील, तर त्या घराचा धर्म आणि त्या घराची भाषा, दोहोंचीही चिंता करण्याचे कारण उरणार नाही.