शाळेतील सवलत कामाच्या जागी का थांबते?

महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या. उत्तरपत्रिकेसाठी अधिक वेळ, गणकयंत्र वापरण्याची मुभा, शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल गुण न कापणे, अशा त्या सवलती होत्या. त्यांचा लाभ घेऊन उत्तीर्ण झालेली पहिली मुले आज चाळिशी ओलांडून नोकरीधंद्यात स्थिरावली असतील. वाचताना होणारी त्यांची अडचण दहावीबरोबर संपलेली नाही. सवलत मात्र तेथेच संपली. शाळेने जे समजून घेतले, ते कचेरीने आणि दुकानाने का समजून घेऊ नये, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डिस्लेक्सिया, स्वमग्नता, एडीएचडी यांसारख्या अवस्थांमध्ये मेंदूची कार्यपद्धती बहुसंख्यांपेक्षा वेगळी असते. अशा व्यक्तींना आजकाल न्यूरोडायव्हर्जंट म्हटले जाते. कुणाला भराभर वाचता येत नाही, कुणाला गोंगाट असह्य होतो, कुणाला एकामागून एक दिलेल्या तोंडी सूचना लक्षात ठेवता येत नाहीत. हा आळस नव्हे आणि बुद्धीची कमतरताही नव्हे. तथापि कामाच्या जागी त्याला बहुधा हीच दोन नावे मिळतात.

पुण्याच्या बुधवार पेठेचे उदाहरण घेऊ. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकाने आहेत, तर पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांत विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची मोठी बाजारपेठ आहे. जूनमध्ये शाळा सुरू होताना चौकात पाऊल ठेवायला जागा नसते. गणेशोत्सवात दगडूशेठ गणपतीच्या दर्शनासाठी लोटणारी गर्दी तर सर्वांच्या परिचयाची आहे. अशा वेळी एखादे गिऱ्हाईक एका दमात चार पुस्तकांची नावे सांगते, मालक पोटमाळ्यावरून पाचवे काम सांगतो, आणि बाहेर भोंगे वाजत असतात. डिस्लेक्सिया वा स्वमग्नता असलेला विक्रेता येथे गोंधळला, तर तो कामाला नालायक आहे असे ठरविण्यापूर्वी कामाची पद्धत तपासून पाहावयास हवी.

याच दुकानांत आज पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारा साउंडबॉक्स असतो. त्यामुळे दुकानदाराला दर वेळी मोबाईल पाहावा लागत नाही. बारकोड वाचणारे यंत्र असले तर वस्तूंच्या किमती पाठ ठेवाव्या लागत नाहीत. या यंत्रांना कुणी सवलत म्हणत नाही, कारण ती सर्वांच्या सोयीची आहेत. डिस्लेक्सिया असलेल्या माणसाने मोबाईलकडून मजकूर वाचून घेतला किंवा स्वमग्न व्यक्तीने कानांवर आवाज रोखणारा हेडफोन चढविला, तर ती सोय याच जातीची आहे. मात्र एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मालकाचा भार हलका करणारा तोच साउंडबॉक्स आवाजाने त्रस्त होणाऱ्या नोकराला दिवसभर छळू शकतो. कोणते यंत्र साहाय्यक आणि कोणते जाचक, हे ते वापरणाऱ्यालाच विचारावे लागते.

साधने दुर्मिळ राहिलेली नाहीत. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून टंकलेखन करण्याची सोय उपलब्ध केली. आपल्या लिपीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार नंतर होतो. त्यात जोडाक्षरांची भर पडते. ज्याला लिहिणे जड जाते त्याला बोलून लिहिता येणे किती मोलाचे, हे यावरून कळेल. कामांची यादी, आठवण करून देणारी घंटा आणि वाचून दाखविणारा आवाज हे सारे साध्या मोबाईलमध्ये आहे. खरी अडचण परवानगीची आणि भीतीची आहे. अनेक दुकानांत कामाच्या वेळी मोबाईल हाती घेणे हाच अपराध समजला जातो. आपली अवस्था सांगितली तर नोकरी जाईल, या धास्तीने माणूस गप्प राहतो.

कायदा येथे कितपत साथ देतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ रोजी अंमलात आला. दिव्यांगत्वाचे प्रकार त्याने ७ वरून २१ केले. त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश झाला. एडीएचडीचा मात्र त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. कलम २० अन्वये शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला योग्य त्या सोयी पुरविणे बंधनकारक आहे. ते कलम खाजगी मालकाचे नाव घेत नाही. कलम २१ मात्र प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावयास सांगते. २०१७ च्या नियमांनुसार २० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेनेही कोणत्या सोयी देणार हे त्या धोरणात नमूद करावयाचे आहे. पेठेतल्या किती दुकानांत असा कागद भिंतीवर दिसतो, हे वाचकांनी स्वतःच पाहावे.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात एक महत्त्वाचा खुलासा केला. परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. आरक्षणाची अट वेगळी आणि सोयीचा हक्क वेगळा, हे त्यातून स्पष्ट झाले. प्रमाणपत्राची टक्केवारी पाहूनच माणुसकी दाखविणाऱ्यांनी हा निर्णय ध्यानात ठेवावा.

तंत्रज्ञानाची दुसरी बाजूही आहे. चेहरा व नजर न्याहाळून उमेदवाराची पारख करणारी संगणकीय मुलाखत स्वमग्न व्यक्तीवर अन्याय करू शकते, कारण नजरेला नजर न देणे हा तिच्या स्वभावाचा भाग असू शकतो. अमेरिकेतील हायरव्ह्यू कंपनीने चेहऱ्याचे विश्लेषण थांबविल्याचे जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केले. युरोपीय संघात कामाच्या जागी यंत्राद्वारे भावना ओळखण्यास, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता, २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. हिंजवडीपासून पेठांपर्यंत अशी साधने विकत घेणाऱ्यांनी यापासून बोध घ्यावा.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी श्रमाविषयी परिपत्रक प्रसिद्ध केले, त्यात दिव्यांग व्यक्ती आणि श्रम यांना स्वतंत्र प्रकरण दिले आहे. केवळ पूर्ण कार्यक्षम माणसांनाच कामावर घेणे म्हणजे सबळांनी दुर्बळांशी केलेला भेदभाव होय, असा त्याचा आशय आहे. म्हणून आमचे आवाहन दयेसाठी नाही.

आपल्या धर्मग्रामांत दुकानदार आहेत, कारखानदार आहेत, कचेऱ्यांत अधिकारपदावर काम करणारेही आहेत. त्यांनी सूचना तोंडी देण्याबरोबर लिहूनही द्याव्यात, शक्य तेथे एक शांत कोपरा ठेवावा, कामासाठी मोबाईलची मदत घेणाऱ्यावर संशय घेऊ नये. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी विचारावे, "तुम्हांला काम नीट करता यावे यासाठी काय हवे?" यासाठी डॉक्टरी प्रमाणपत्र मागण्याची आवश्यकता नाही. हा प्रश्न सर्वांनाच विचारला गेला, तर कुणालाही स्वतःला वेगळे म्हणून जाहीर करावे लागणार नाही.