फुटलेली काच चौकटीतच राहिली पाहिजे

23 मे 2024 रोजी दुपारी डोंबिवलीच्या एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. कुंपणाबाहेर, पार लांबच्या इमारतींतही खिडक्यांची तावदानं फुटून घरात पडली. त्या रसायनांशी काडीचा संबंध नसलेली माणसं आपल्याच घरात काचेने चिरली गेली. 26 मे 2016 रोजी प्रोबेस एंटरप्रायझेसच्या स्फोटात याच गावाने हेच भोगलं होतं.

इंदूरच्या सुदामा नगरात खिडक्यांना काचेचे तुकडे धरून ठेवणारी सुरक्षा फिल्म लावायचा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: आपल्याकडे कुठे कारखाने आहेत? अन्नपूर्णा मंदिर, फूटी कोठी, गोपुर चौराहा, मधे सगळी राहती घरं. मला हे उत्तर पटत नाही. 12 सप्टेंबर 2015 रोजी आपल्याच माळव्यातल्या पेटलावदला भर वस्तीत साठवलेल्या स्फोटकांनी सत्तरहून अधिक माणसं मारली. तिथेही कारखाना नव्हता. 6 फेब्रुवारी 2024 रोजी हरद्याचा फटाका कारखाना उडाला, तो वस्तीला लागूनच होता. शेजारच्या गाळ्यात काय साठवलं आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं? शिवाय काच फुटायला एवढं मोठं कारण लागतही नाही. हवेचा झोत कानाचा पडदा फाडतो तो साधारण 35 किलोपास्कल दाबाला. खिडकीची साधी काच एक-दीड किलोपास्कललाच फुटू शकते. म्हणजे जिथे स्फोटाने माणसाला थेट इजा होणार नाही, तिथेही काच करते. रशियात चेल्याबिन्स्कवर 15 फेब्रुवारी 2013 रोजी उल्का फुटली. लखलखाट पाहायला लोक खिडक्यांशी गेले, आणि धक्का काही वेळाने पोचला. सुमारे दीड हजार लोकांना उपचार घ्यावे लागले, बहुतेकांना काचा लागल्या होत्या. गारपीट, वादळात आपटणारा पल्ला, धावत काचेच्या दारावर आदळलेलं मूल, ही तर रोजची कारणं.

दुसरं म्हणणं, खिडकीला लोखंडी जाळी आहेच. आहे, आणि ती चोरासाठी ठीक आहे. पण गजांमधून हवेचा झोत येतो, दगड येतो, आणि काच तर गजांच्या आतच असते. तिच्या ठिकऱ्या पलंगावर पडतात तेव्हा बाहेरची जाळी काय अडवणार?

तिसरं म्हणणं जाणकारांचं: टफन काच बसवली की झालं. टफन काच साध्या काचेच्या कितीतरी पट मजबूत असते आणि फुटली तर बोथट कडांचे बारीक दाणे होतात, हे खरं. पण फुटते तेव्हा ती अख्खी कोसळते आणि चौकट रिकामी होते. वरच्या मजल्यावरून पडणारा त्या दाण्यांचा गठ्ठा खालच्या माणसाचं डोकं फोडू शकतो. नवं घर बांधणाऱ्याला मी फिल्म सांगणारच नाही. त्याने दोन काचांमध्ये चिकट थर असलेली लॅमिनेटेड काच घ्यावी. प्रश्न आहे तो उभ्या असलेल्या घरांचा, ज्यांत चार मिलिमीटरची साधी काच वर्षानुवर्षं बसलेली आहे आणि सगळी बदलणं परवडत नाही.

आणखी एक भीती ऐकू येते, की कोर्टाने फिल्मवर बंदी घातली आहे. सर्वोच्च न्यायालयाचा 27 एप्रिल 2012 चा तो निकाल गाड्यांच्या काचांबद्दल आहे. घराच्या खिडकीशी त्याचा संबंध नाही.

विकणाऱ्यांनाही मोकळं सोडता येत नाही. ‘काच फुटणारच नाही’, ‘गोळी अडेल’ असं सांगून माल खपवणारा माणूस फसवतो आहे. फिल्म लावलेली काचही फुटते. फिल्मचं काम फुटल्यानंतर सुरू होतं: पॉलिएस्टरचे पारदर्शक थर आणि त्यांचा गोंद तुकड्यांना धरून ठेवतात, काच तडकते पण जागच्या जागी राहते. चोराला आत शिरायला वेळ लागतो, आवाज होतो. एवढंच, पण हे थोडं नाही. 1971 च्या युद्धात लोकांनी तावदानांवर कागदाच्या पट्ट्या डकवल्या त्या याच हेतूने. 7 मे 2025 च्या नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिलमध्ये इंदूरने दिवे मालवले, पण त्या अंधारात काचांचा विचार कितीशा घरांत झाला?

फिल्म घ्यायची तर उन्हाची पातळ फिल्म कामाची नाही. सुरक्षेची फिल्म निदान 100 मायक्रॉनची हवी, आणि दुकानाच्या दर्शनी काचेला 200 ची. ती काचेच्या आतल्या बाजूने लागते. खरा कस कडेला लागतो, आणि नेमकी तिथेच बनवाबनवी होते. नुसती काचेपुरती चिकटवलेली फिल्म मोठ्या धक्क्यात काचेसकट चौकटीतून सुटते आणि अख्खा पत्रा आत येतो. म्हणून तिच्या कडा स्ट्रक्चरल सिलिकॉनने किंवा पट्टीने चौकटीशी जखडून घ्याव्या लागतात. या कामाची मजुरी वाचवणाऱ्याने फिल्मवरही पैसे घालू नयेत. पश्चिमेच्या खिडकीला गडद फिल्म टाळावी. मे महिन्याच्या उन्हात काच जास्त तापून स्वतःच तडकू शकते. गोंद पुरता धरायला निदान महिनाभर लागतो, तोवर फिल्म घासू नये.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. आग लागली तर फिल्मची काच फोडून बाहेर पडणं अवघड होतं. म्हणून प्रत्येक खोलीत एक तरी पल्ला सहज उघडणारा हवा, आणि त्यामागची जाळीही आतून उघडणारी हवी. बंद जाळीचा धोका तर आजच घरोघरी आहे.

सगळ्या खिडक्यांना एकदम फिल्म लावायची गरज नाही. उशाशी येणारी खिडकी, जिन्यातली उंच काच आणि राहत्या बंगल्यांत भरणाऱ्या शिकवण्या व बालवाड्यांचे वर्ग आधी घ्यावेत. बालवाडीत मुलाचं नाव घालताना फी आणि रिक्षा विचारतो, तसंच विचारावं: खिडकीत साधी काच आहे का, तिला फिल्म आहे का, आणि ती फिल्म चौकटीला धरलेली आहे का.