कुंडीतील माती पाणी प्याली का?

कोरफड, पानफुटी, निवडुंग यांसारखी मांसल झाडे फार पाण्याने मरतात, असे तुम्ही ऐकले असेल. ते बरेचसे खरेही आहे. पण याच भीतीने महिनाभर कोरड्या ठेवलेल्या कुंडीत निराळाच घोटाळा होतो. तुम्ही तांब्याभर पाणी ओतता, क्षणात ते खालच्या भोकातून बाहेर येते आणि तुम्ही निश्चिंत होता. पाने मात्र सुरकुततच जातात. माती बोटाने उकरून पाहा. वरच्या ओल्या थराखाली ती कोरडी ठणठणीत असते.

असे का व्हावे? केशाकर्षण शिकताना आपण काचेची बारीक नळी पाण्यात धरतो. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढते. मातीच्या फटींतही असेच घडते, असे सांगून पाठ संपतो. माझी तक्रार नेमकी येथे आहे. पाणी नळीत चढते, कारण स्वच्छ काचेशी त्याचा स्पर्शकोन शून्याच्या जवळपास असतो. पाऱ्याचा काचेशी स्पर्शकोन सुमारे १४० अंश, म्हणून पारा नळीत खाली उतरतो. कोन ९० अंशांच्या पुढे गेला, की केशाकर्षण द्रवाला आत ओढण्याऐवजी बाहेर लोटते. आता मातीकडे वळा. पालापाचोळा कुजताना, बुरशी वाढताना तिच्या कणांवर मेणासारख्या पदार्थांचा पातळ लेप चढतो. माती ओलसर असेतो तो जाणवत नाही. ती पार वाळली, की मात्र हेच कण पाण्याला अळवाच्या पानासारखे वागवतात! शिवाय वाळलेली माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि पाण्याला ती फट म्हणजे राजरस्ताच.

तेव्हा भोकातून पाणी आले हा पुरावा नव्हे. खरी साक्ष तराजूची. पाणी घालण्यापूर्वी कुंडी तोला, निथळल्यावर पुन्हा तोला. २०० मिलिलिटर ओतून वजन २० ग्रॅमच वाढले, तर १८० मिलिलिटर वाहून गेले. 'पंधरा दिवसांनी एक पेला' असे नियम सांगणाऱ्यांना हा हिशेब जरूर विचारा.

अशी कुंडी अर्धी बुडेल इतक्या पाण्यात, घमेल्यात, अर्धा-पाऊण तास ठेवावी. बाहेरच्या पाण्याचा दाब तळाच्या भोकातून पाणी आत ढकलतो, आणि भिजता भिजता कणांचा विरोधही ओसरतो. मग ती पूर्ण निथळू द्यावी. बशीत पाणी साचले तर मुळे कुजतात. काहीजण पृष्ठताण कमी करण्यासाठी पाण्यात धुण्याची पावडर मिसळतात. त्यांचे भौतिकशास्त्र बरोबर, पण पावडरीतला सोडा झाडाला भोवतो. त्यापेक्षा थोडा धीर धरणे बरे.

शिक्षकांनी काचेच्या नळीबरोबर एवढे तरी वर्गात करावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. तीन बशा घ्या. एकीत धुऊन वाळवलेली नदीची वाळू, दुसरीत अंगणातील माती, तिसरीत पालापाचोळ्याच्या खताची खडखडीत वाळलेली माती सपाट पसरा. प्रत्येकीवर ड्रॉपरने एकेक थेंब ठेवून घड्याळ लावा. ५ सेकंदांच्या आत थेंब जिरला, तर माती सहज भिजणारी. मृदाशास्त्रज्ञही हीच कसोटी वापरतात. एखादा थेंब मिनिट उलटले तरी मोत्यासारखा बसून राहिला, तर डोळे टेबलाच्या पातळीत आणून त्याच्याकडे बाजूने पाहा आणि दिसतो तसा त्याचा स्पर्शकोन वहीत काढा.