विटाळाचं भूत कुणाच्या प्रयोगशाळेत?

भुताखेतांवर, उडत्या तबकड्यांवर पीएच.डी. मिळते. रात्रपाळीला गोदीत एका पोरानं हे सांगितलं तेव्हा आमची अख्खी टोळी खो-खो हसली. मीही हसलो. मग मिळेल ते वाचलं आणि हसू जिरलं.

१९७३ साली डेव्हिड जेकब्सनं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात उडत्या तबकड्यांच्या वादावर डॉक्टरेट घेतली, तीही इतिहासात. १९८० साली सुसान ब्लॅकमोरनं इंग्लंडात सरे विद्यापीठात परामानसशास्त्रात घेतली. बाई मनाची अद्भुत शक्ती शोधायला निघाली होती. प्रयोगामागून प्रयोग केले, हाती काही लागलं नाही. बाईनं ते उघड सांगून टाकलं. तिला आपला सलाम! विषय कसलाही असो, संशोधन म्हणतात ते ह्याला.

आता दुसरी बाजू बघा. इयान स्टीव्हन्सन, व्हर्जिनिया विद्यापीठातला मानसोपचाराचा प्राध्यापक. पुनर्जन्माच्या वीस केसेसचं त्याचं पुस्तक १९६६ साली आलं. त्यात मुझफ्फरनगर जिल्ह्यातला साडेतीन वर्षांचा एक जाट पोरगा आहे. आजारातून उठला आणि म्हणाला, मी बामणाचा, तुमच्या घरचं खाणार नाही. मग शेजारची ब्राह्मण बाई त्याला रांधून घालायला लागली. स्टीव्हन्सन हे पुनर्जन्माकडे बोट दाखवणाऱ्या पुराव्यांत धरतो. सिद्ध झालं म्हणत नाही, सूचक म्हणतो. पण दोस्तांनो, कुणी कुणाच्या हातचं खायचं नाही हे शिकायला मागचा जन्म कशाला लागतो? ह्या देशात पोरगं चालायच्या आधी ते शिकतं. आत्मा शोधायला साहेब सातासमुद्रापलीकडून आला. जात ताटात वाढलेली होती!

अद्भुत म्हणजे काय? माणूस हात लावतो आणि पाणी बाटतं. वास बदलत नाही, रंग बदलत नाही, तरी बाटतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले, तर सवर्णांनी तळ्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतल्या. ह्याच्यापुढं तबकडी काय चीज आहे? पण विटाळाला कुणी चमत्कार म्हणत नाही. त्याला रीत म्हणतात, परंपरा म्हणतात.

ही रीत विद्यापीठाच्या टेबलावर चिरायला मांडली ती बाबासाहेबांनीच. ९ मे १९१६, कोलंबिया विद्यापीठ, मानववंशशास्त्राचं चर्चासत्र. वय पंचवीस. जात आभाळातून पडली नाही, जातीतल्या जातीत लग्नं लावून ती माणसांनी उभी केली, हे त्यांनी तिथं मांडलं.

म्हणून शिकणाऱ्या पोरापोरींनो, विचित्र विषयाला हसू नका. भुतावर करा, तबकडीवर करा. फक्त ब्लॅकमोरबाईसारखं जे दिसेल तेच लिहा. आणि गाईड म्हणाला, जातीत नवीन काय आहे, तर त्याला विचारा : सर, बाटलेलं पाणी तुम्ही कुठल्या नळीत तपासलंत?