पदपथाचे मोल कोणी द्यावयाचे?

२ एप्रिल २०२३ रोजी पॅरिसच्या नागरिकांनी भाडोत्री विजेच्या स्कूटरींविरुद्ध कौल दिला. मत देणाऱ्यांपैकी सुमारे ८९ टक्के लोक विरोधात होते; मात्र मतदानाला आले होते एकूण मतदारांपैकी जेमतेम साडेसात टक्के! त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून तीन कंपन्यांच्या सुमारे १५,००० स्कूटरी रस्त्यांवरून नाहीशा झाल्या. स्वतःच्या मालकीच्या स्कूटरींना मात्र बंदी झाली नाही. तेव्हा दोष वाहनाचा नव्हता, हे उघड आहे. मग तो कशाचा होता?

उभे राहून चालवावयाची ही छोटी दुचाकी तेथे २०१८ साली आली. मोबाइलवरून कुलूप उघडावे, सीन नदीच्या काठाने फिरावे आणि मन मानेल तेथे गाडी सोडून द्यावी, अशी ती सोय होती. तरुण व पर्यटक तिच्यावर खूष झाले, यात नवल नाही. फिरण्याचा आनंद ही काही मोटारवाल्यांचीच मिरास नव्हे. परंतु पायी फेरफटका मारणारा वृद्धही आनंदासाठीच घराबाहेर पडतो. आडव्या पडलेल्या स्कूटरीने त्याची वाट अडली, तर एकाच्या करमणुकीची किंमत दुसऱ्याने मोजली, असेच म्हणावे लागेल. स्वाराने भाडे दिले, कंपनीने ते घेतले; पदपथ ज्याचा अडला, त्याला या व्यवहारात स्थानच नव्हते. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिव्यय म्हणतात.

पुढे वेगमर्यादा आली, गाड्या उभ्या करण्याच्या जागा आखल्या गेल्या. पण तोवर सवयी जडल्या होत्या आणि लोकांचा संयम संपला होता. याउलट, त्याच शहरात २००७ साली सुरू झालेली ‘वेलिब’ ही सार्वजनिक सायकल योजना आजही टिकून आहे. तिचे गमक साधे आहे: सायकल थांब्यावर परत लावल्याखेरीज भाड्याचा हिशेब सहसा मिटत नाही. नागरिकाच्या सद्‌बुद्धीवर विसंबण्याऐवजी त्याच्या खिशालाच तेथे शिस्त लावली आहे.

आपल्या शहरांत पदपथ मुळातच दुर्मीळ. जे आहेत, त्यांवर अनेकांचा डोळा. अशी वाहने येथे यावीत, जरूर यावीत. मात्र नगरपालिकांनी जागेचे भाडे आणि थांब्याची अट आधी ठरवावी, परवाना मागाहून द्यावा. हा क्रम उलटला, की सोयीचे रूपांतर उपद्रवात होते आणि अखेर बंदीखेरीज दुसरा उपाय कोणाला सुचत नाही.